एमआरआयवर "लो ग्रेड" लिहिलंय, मग बायोप्सी कशाला?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. घाईत दोन ओळी टाकण्यापेक्षा सकाळी निवांत लिहू म्हटलं, कारण हाच प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी रिपोर्टिंग रूमच्या दारात उभं राहून विचारतंच.

बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. भाऊ ३४ वर्षांचा, गडहिंग्लजकडे गुऱ्हाळावर काम करताना अचानक फिट आली, त्याआधी काही त्रास नव्हता. एमआरआय केला. रिपोर्टमध्ये डाव्या फ्रंटल लोबमध्ये (मेंदूच्या पुढच्या भागात) सुमारे चार सेंटीमीटरची गाठ, कॉन्ट्रास्ट दिल्यावर चमकत नाही, "लो ग्रेड ग्लायोमाची शक्यता, हिस्टोपॅथॉलॉजीशी जुळवून पाहावे" असं लिहिलंय. ग्लायोमा म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींपासून होणारी गाठ, आणि हिस्टोपॅथॉलॉजी म्हणजे काढलेल्या तुकड्याची मायक्रोस्कोपखालची तपासणी. न्यूरोसर्जन ऑपरेशन म्हणतायत. घरचे म्हणतात सुई लागली की गाठ पसरते, आणि रिपोर्टमध्ये लो ग्रेड लिहिलंच आहे तर डोकं उघडायचं कशाला. आणि तुम्ही विचारताय की थ्री टेस्लावर (जास्त ताकदीच्या चुंबकाच्या मशीनवर) परत काढला, स्पेक्ट्रोस्कोपी (गाठीतल्या रसायनांची तपासणी) केली, तर ग्रेड पक्का कळेल का.

मी गेली १९ वर्षं कोल्हापुरात एमआरआय वाचतोय. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न मशीनचा नाहीच. फोटो बघून लिहिलेल्या "लो ग्रेड" या दोन शब्दांवर कितपत भरवसा ठेवून एवढा मोठा निर्णय पुढे ढकलायचा, हा तुमचा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर, ढकलण्याइतका ठेवू नका. का ते सांगतो.

आधी ग्रेड म्हणजे काय ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत मेंदूच्या गाठींना १ ते ४ ग्रेड देतात, १-२ म्हणजे लो, ३-४ म्हणजे हाय. पूर्वी हा ग्रेड फक्त मायक्रोस्कोपखाली पेशी बघून ठरायचा. २०१६ पासून त्यात जनुकीय तपासण्या आल्या आणि २०२१ च्या वर्गीकरणात तर त्या गाठीच्या नावातच बसल्या. मोठ्या माणसांतल्या मेंदूत पसरत जाणाऱ्या ग्लायोमाचे आता तीन मुख्य प्रकार धरतात. आयडीएच म्युटेशन (आयडीएच नावाच्या जनुकातला बदल) असलेला अ‍ॅस्ट्रोसायटोमा, जो ग्रेड २, ३ किंवा ४ असू शकतो. आयडीएच म्युटेशन आणि सोबत गुणसूत्रांचे १पी-१९क्यू हे दोन तुकडे गळालेला ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, हा ग्रेड २ किंवा ३. आणि आयडीएच म्युटेशन नसलेला ग्लायोब्लास्टोमा, तो सरळ ग्रेड ४. यात एक मेख अशी की पेशी मायक्रोस्कोपखाली अगदी शांत दिसत असल्या तरी आयडीएच म्युटेशन नसेल आणि टर्ट किंवा ईजीएफआर या जनुकांतल्यासारखे ठराविक बदल सापडले, तर ती गाठ ग्लायोब्लास्टोमाच धरतात. म्हणजे जिथं मायक्रोस्कोपसुद्धा एकटा पुरत नाही तिथं माझ्या मॉनिटरवरचा काळा-पांढरा फोटो एकटा कसा पुरेल?

पण म्हणून एमआरआय कमी महत्त्वाचा असं अजिबात नाही. तो नक्की काय सांगतो आणि कुठं फसवतो हे कळलं की तुम्हाला सर्जनशी नीट बोलता येईल, म्हणून जरा खोलात जातो.

कॉन्ट्रास्टचं बघा. हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. चांगल्या मेंदूच्या रक्तवाहिन्या ते बाहेर सोडत नाहीत. गाठीनं रक्तवाहिन्यांची भिंत बिघडवली असेल तर तिथं ते झिरपतं आणि तो भाग पांढरा चमकतो. साधारण हिशोब असा की चमकते ती वरच्या ग्रेडची, चमकत नाही ती खालच्या, आणि बऱ्याचदा हा हिशोब बरोबरही येतो. पण लहान मुलांना छोट्या मेंदूत (डोक्याच्या मागच्या, खालच्या भागात) होणारा पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा ग्रेड १ असून झकास चमकतो, आणि मोठ्यांमध्ये अजिबात न चमकणारी गाठ ग्रेड ३ किंवा त्याहून वरची निघते हेही काही दुर्मिळ नाही. न चमकणं म्हणजे रक्तवाहिन्यांची भिंत अजून शाबूत आहे, एवढंच. पेशी किती वेगाने वाढतायत हे त्यातून कळत नाही.

यात मी स्वतः चुकलोय. बरीच वर्षं झाली. साधारण ५८ वर्षांच्या एक मावशी, विसरायला होतंय म्हणून आणलेल्या. टेंपोरल लोबमध्ये पांढुरका भाग, चमक नाही, दाब नाही. मी "लो ग्रेड ग्लायोमा" लिहून मोकळा झालो, परफ्युजन (गाठीतला रक्तपुरवठा मोजणारी तपासणी) केलं नव्हतं. घरच्यांनी ते दोन शब्द धरून ठेवले, लेकीचं लग्न होतं, नंतर बघू म्हणाले. चार महिन्यांनी बोलणं अडखळायला लागलं म्हणून परत आल्या तेव्हा त्याच जागी कडेनं चमकणारी, मधे कुजलेली गाठ होती. ग्लायोब्लास्टोमा. पहिल्या दिवशीही तो ग्लायोब्लास्टोमाच होता, फक्त लवकरच्या टप्प्यात होता. तेव्हापासून मी रिपोर्टमध्ये नुसतं "लो ग्रेड" कधी लिहीत नाही. "न चमकणारी, आत पसरत जाणारी ग्लायोमा, ग्रेड टिश्यूवर (गाठीच्या तुकड्यावर) ठरवावा" असं लिहितो, आणि पेशंट पन्नाशीच्या पुढचा असेल तर सर्जनना फोनही करतो.

म्हणूनच वय इतकं महत्त्वाचं. तुमच्या भावाचं वय ३४, जागा फ्रंटल लोब, सुरुवात फिटनं, चमक नाही. हे सगळं एकत्र धरलं तर आयडीएच म्युटेशन असलेली गाठ असण्याकडे माझा कल जातो, आणि त्यातल्या त्यात ती बरी बातमी असते. हाच फोटो साठीच्या माणसाचा असता तर मी असं म्हणालो नसतो.

आता तुमच्याकडच्या सीडीत मी काय शोधेन ते सांगतो. पहिली गोष्ट, टी-टू आणि फ्लेअर हे दोन सिक्वेन्स (एमआरआयचे फोटो काढायच्या दोन पद्धती) शेजारी शेजारी लावेन. टी-टूवर गाठ सगळीकडे सारखी पांढरीशुभ्र आणि फ्लेअरवर तीच गाठ आतून काळपट पडलेली, फक्त कडेला पांढरी किनार राहिलेली, असं दिसलं तर त्याला टी-टू फ्लेअर मिसमॅच म्हणतात. २०१७ मध्ये ही खूण पुढे आली. मोठ्या माणसात ती नीट, काटेकोरपणे दिसली तर आयडीएच म्युटेशनवाला अ‍ॅस्ट्रोसायटोमा असण्याची शक्यता खूपच जास्त असते. पण ती नाही दिसली म्हणून काहीच सिद्ध होत नाही, अशा कितीतरी गाठींत ती नसतेच. आणि दिसली तरी ती गाठीचा प्रकार सांगते, ग्रेड सांगत नाही. हा फरक भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही.

दुसरी, गाठीत कॅल्शियम आहे का. त्यासाठी एमआरआयपेक्षा साधा सीटी बरा, स्वस्तातही होतो. फ्रंटल लोब, मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत आलेली गाठ आणि आत कॅल्शियमचे खडबडीत ठिपके असले तर ऑलिगोडेंड्रोग्लायोमाचा विचार करायचा. फिट आली त्या रात्री तालुक्याच्या ठिकाणी सीटी काढला असेल तर तो फेकू नका, बऱ्याच जणांना वाटतं एमआरआय झाला आता सीटीचं काय काम.

तिसरी, डिफ्युजन. पेशी दाटीवाटीनं बसल्या की त्यांच्यामधलं पाणी मोकळं हलत नाही आणि एडीसीच्या, म्हणजे पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या, नकाशावर तो भाग काळा पडतो. वरच्या ग्रेडच्या गाठीत असे काळे पट्टे दिसतात. याच सिक्वेन्सने एकदा एका कुटुंबाचा जीव भांड्यात पडलेला मी बघितलाय. विशीतला मुलगा, दुसरीकडे काढलेल्या एमआरआयमध्ये कडेनं चमकणारी गाठ, हाय ग्रेड ट्यूमर लिहिलेलं, बाप बाहेर बाकावर डोकं धरून बसलेला. त्या स्कॅनमध्ये डिफ्युजनच नव्हतं. आम्ही केलं तर गाठीचा मधला भाग डिफ्युजनवर लख्ख पांढरा आणि एडीसीवर काळाकुट्ट. तो पू होता. विचारल्यावर आई म्हणाली, लहानपणापासून कान वाहतोय त्याचा. सर्जननी पू काढला, अँटिबायोटिक दिली, पोरगा नंतर कामाला लागला. आपल्याकडे टीबीची गाठ आहे, डोक्यातले जंत आहेत, पू आहे, त्यामुळे प्रत्येक गोल चमकणारी गोष्ट कॅन्सर नसते. तुमच्या भावाचं चित्र या तिन्हींसारखं वाटत नाही, पण डिफ्युजन झालंय का ते बघा.

चौथी, आणि ग्रेडच्या दृष्टीने मला सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी, परफ्युजन. कॉन्ट्रास्टचं औषध वेगानं सोडतात आणि ते मेंदूतून जाताना सेकंदासेकंदाला फोटो घेतात, त्यावरून कुठल्या भागात किती रक्त खेळतंय त्याचा रंगीत नकाशा तयार होतो. वाढणाऱ्या गाठीला रक्त लागतं, ती नवीन रक्तवाहिन्या फुटवते, तो भाग नकाशावर लाल दिसतो. मेंदूच्या दुसऱ्या बाजूच्या चांगल्या पांढऱ्या भागाशी (व्हाइट मॅटरशी) तुलना करून आकडा काढतात. २००३ मध्ये १.७५ ही रेघ सुचवली गेली, त्याच्या वर गेलं तर वरचा ग्रेड धरायचा, आणि ती अजूनही बरेच जण वापरतात. पण ही रेघ दगडावरची नाही. मशीन बदललं, सॉफ्टवेअर बदललं, मोजणाऱ्यानं गोल कुठं काढला ते बदललं की आकडा बदलतो. शिवाय ऑलिगोडेंड्रोग्लायोमा ग्रेड २ असूनही त्यात रक्तवाहिन्यांचं जाळं दाट असतं, आकडा वर जातो आणि आपण उगाच घाबरतो.

स्पेक्ट्रोस्कोपीचं तुम्ही मुद्दाम विचारलंय. त्यात फोटो नाही, गाठीच्या एका चौकोनातल्या रसायनांचा आलेख मिळतो. कोलिन म्हणजे पेशींच्या भिंतींची उलथापालथ, एनएए म्हणजे शाबूत न्यूरॉन. ट्यूमरमध्ये कोलिन वर, एनएए खाली. लॅक्टेट आणि लिपिड दिसायला लागले तर आत काहीतरी मरतंय, म्हणजे वरच्या ग्रेडची शंका. पण मेंदूच्या सूज येणाऱ्या काही आजारांतही कोलिन वर जातं, आणि टीबीच्या गाठीत लिपिडचा शिखर उंच येतो. चौकोन कवटीच्या जवळ गेला, आत रक्त असलं, पेशंट हलला, की आलेख बिघडलाच. मला विचाराल तर नुसत्या स्पेक्ट्रोस्कोपीसाठी परत एमआरआय करू नका. परत करायचाच असेल तर परफ्युजनसाठी करा, त्याच्या जोडीला स्पेक्ट्रोस्कोपी होऊ द्या.

थ्री टेस्ला की दीड टेस्ला? थ्री टेस्लावर सिग्नल जास्त मिळतो, स्पेक्ट्रोस्कोपी स्वच्छ येते, हे खरंय. पण दीड टेस्लावर सगळे सिक्वेन्स नीट केलेला स्कॅन हा थ्री टेस्लावर घाईत उरकलेल्या स्कॅनपेक्षा कधीही चांगला. तुमच्या रिपोर्टमध्ये परफ्युजनचा उल्लेख नाही असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे एकदा पूर्ण प्रोटोकॉलनं परत करायला माझी हरकत नाही. कॉन्ट्रास्ट परत द्यावा लागेल म्हणून क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून घ्या. आणि त्या दिवशी सकाळची फिटची गोळी उपाशीपोटीच्या नादात चुकवू नका, मशीनमध्ये फिट आलेले पेशंट मी बघितलेत.

आता एवढं सगळं चांगलं आलं तरी बायोप्सी लागतेच का? माझं उत्तर हो. पण त्यातसुद्धा एमआरआयचं मोठं काम आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. ग्लायोमा सगळीकडे सारखा नसतो, एका कोपऱ्यात ग्रेड २ आणि दोन सेंटीमीटरवर ग्रेड ३ असं असतं. सुई जर शांत कोपऱ्यात गेली तर पॅथॉलॉजिस्टही प्रामाणिकपणे ग्रेड २ लिहील आणि तो चुकीचा ठरेल. परफ्युजनच्या नकाशावरचा लाल ठिपका सर्जनना सांगतो की तुकडा इथून घ्या. म्हणून मी म्हणतो, एमआरआयला बायोप्सीच्या जागी उभं करू नका, बायोप्सीच्या पुढे वाट दाखवायला उभं करा.

शिवाय डावा फ्रंटल लोब. बोलण्याचं केंद्र आणि उजव्या हातापायाच्या वाटा तिथंच आसपास. फंक्शनल एमआरआय आणि ट्रॅक्टोग्राफी केली तर गाठ आणि या वाटांमधलं अंतर दिसतं, किती काढता येईल ते सर्जन ठरवू शकतात, गरज पडली तर पेशंटला जागं ठेवून, बोलतं ठेवून ऑपरेशन करतात. हे तुमच्या सर्जनना जरूर विचारा.

सुई लागली की पसरते ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे आणि मी तिला हसणार नाही, कारण बायोप्सीनंतर पेशंट खालावलेला कुणीतरी जवळून बघितलेला असतो. पण ग्लायोमाच्या पेशी फोटोत दिसणाऱ्या कडेच्या बाहेर आधीच गेलेल्या असतात, ते त्या गाठीचं मूळ लक्षण आहे. सुईच्या वाटेनं ती पसरणं अतिशय क्वचित. बायोप्सीचा खरा धोका आत रक्तस्राव होण्याचा असतो, तो थोड्या लोकांत होतो, आणि जागेप्रमाणे किती ते सर्जननीच सांगायचं.

थांबून बघू म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नॉर्वेत दोन मोठी हॉस्पिटलं होती, एकाचा कल बायोप्सी करून वाट बघण्याकडे, दुसऱ्याचा लवकर ऑपरेशन करून गाठ काढण्याकडे. लो ग्रेड ग्लायोमाच्या त्यांच्या पेशंटची तुलना २०१२ मध्ये छापून आली. पाच वर्षांनी हयात असलेले पहिल्याकडे सुमारे ६० टक्के, दुसऱ्याकडे सुमारे ७४ टक्के. प्रत्येकाची गाठ पूर्ण काढता येते असं नाही, जागेवर खूप अवलंबून असतं, पण "लो ग्रेड आहे म्हणजे घाई नाही" हे वाक्य तितकंसं खरं नाही एवढं त्यातून कळतं. शिवाय टिश्यू हातात असेल तरच पुढचे उपचार ठरतात. व्होरासिडेनिब नावाच्या गोळीला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती ऑपरेशननंतर फक्त आयडीएच म्युटेशनवाल्या ग्रेड २ गाठीसाठी. आयडीएच माहीतच नसेल तर हा विषयच निघणार नाही.

आणि समजा काही कारणाने थांबायचंच ठरलं, तर नीट थांबा. तीन ते सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच मशीनवर. या गाठी वर्षाला सरासरी चारेक मिलीमीटर वाढतात. म्हणजे सहा महिन्यांत दोन मिलीमीटर, जे डोळ्याला दिसतसुद्धा नाही, आणि दर वेळी आधीच्या स्कॅनशी तुलना करून "फारसा बदल नाही" असं लिहून येतं. असे लागोपाठ चार रिपोर्ट घेऊन आलेला एक पेशंट होता. मी पहिला आणि पाचवा स्कॅन शेजारी लावला तर गाठ सरळ एक सेंटीमीटरनं वाढलेली, कॉर्पस कॅलोसममध्ये (मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणाऱ्या पट्ट्यात) शिरलेली. चारही रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर होते. म्हणून कायम पहिल्या स्कॅनशी तुलना करा म्हणून सांगा.

रेडिएशन घ्यायची वेळ आलीच तर एवढं लक्षात ठेवा, संपल्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत गाठ वाढल्यासारखी, जास्त चमकल्यासारखी दिसू शकते आणि ती खरी वाढ नसतेही. त्यावर लगेच काही ठरवू नये.

बाकी कामाच्या दोन गोष्टी. मला लोक फिल्म खिडकीला लावून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात, मागे ट्यूबलाइट आणि आंब्याचं झाड दिसतं, गाठ दिसत नाही. सेंटरवरून सीडी किंवा पेनड्राइव्हवर सगळा डेटा घ्या, तो तुमचा हक्क आहे. मुंबईला टाटाला किंवा बेंगळुरूला निमहान्सला दाखवायचं असलं तरी तोच लागेल. आणि ऑपरेशन झालं की पॅथॉलॉजीतला मेणाचा ब्लॉक जपून ठेवायला सांगा, आयडीएच, एटीआरएक्स (आणखी एक जनुक), १पी-१९क्यू या तपासण्या त्यावरच होतात, नंतर कधीही करता येतात. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारा, नंतर नको.

तोवर भावाला गुऱ्हाळावर पाठवू नका. हिशोबाला बसू दे, पण चरक आणि काहिलीजवळ उभं राहायचं नाही, विहिरीवर एकट्यानं जायचं नाही, गाडी चालवायची नाही. पहिली फिट काहिलीपासून दोन हातांवर आली असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून माझ्या पोटात गोळा आला.

परफ्युजनचा आकडा आला की इथेच टाका. आणि पुढे आयडीएचचा रिपोर्ट येईल तोही लिहा. मी म्युटेशन असेल असं धरून चाललोय, तसं नसेल तर मला ते कळायला हवं.